जुन्या युद्धपटातल्या ब्रिटिश लष्करी गाड्या: पाच स्थिरचित्रे आणि एक ‘उलटी काच’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे आजोबा साताऱ्याकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये लॉरीचालक होते आणि इटलीपर्यंत जाऊन आले. ‘आमच्या लॉरीची काच उलटी होती’ हे त्यांचे एकच वाक्य घरात शिल्लक राहिले आहे. आता एका जुन्या कृष्णधवल ब्रिटिश युद्धपटाची प्रत हाती आली आहे. तिची सुरुवातीची श्रेयनामावली कापली गेल्यामुळे चित्रपटाचे नाव किंवा साल कळत नाही, मात्र कथा १९४२ च्या लिबियातली आहे. त्यातली पाच दृश्ये थांबवून काढलेली चित्रे त्यांनी पाठवली आहेत. या गाड्या कोणत्या, त्यांत आजोबांची लॉरी आहे का, आणि चित्रपट युद्ध चालू असतानाच काढलेला असेल का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. हा चित्रपट युद्धकाळातला नाही आणि १९५२ च्या आधीचा तर असूच शकत नाही. हे मी नटांच्या केशरचनेवरून सांगत नाही, तुमच्या तिसऱ्या चित्रातल्या चिलखती गाडीवरून सांगतो. तिच्याकडे पुढे येईनच.

गेली अठ्ठावीस वर्षे मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात एका छोट्या वर्कशॉपमध्ये युद्धकालीन लॉऱ्या आणि कॅरियर (साखळीपट्ट्यांची छोटी चिलखती वाहने) खोलून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम करतो. त्यांतल्या काही अधूनमधून चित्रीकरणासाठी भाड्याने जातात, त्यामुळे पडद्यावरची गाडी आणि प्रत्यक्षातली गाडी यांतले अंतर मला रोज दिसते. चित्रपटातली प्रत्येक लष्करी गाडी एका नटासारखी असते: ती मुळात कोण आहे हा एक प्रश्न आणि ती कोणाची भूमिका करते आहे हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यायची सवय लागली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या दशकात निघालेल्या युद्धपटांना गाड्या मिळत त्या बहुधा दोन ठिकाणांहून, एक म्हणजे खुद्द सैन्याकडून आणि दुसरे म्हणजे युद्धानंतर लिलावात निघालेल्या मालातून. सैन्याकडे तेव्हा युद्धातल्या जुन्या लॉऱ्या अजून सेवेत होत्या आणि त्यांच्याच शेजारी नवी, युद्ध न पाहिलेली वाहनेही उभी होती. दिग्दर्शकाने मागितले की दोन्ही एकाच ताफ्यात येत. म्हणून एका दृश्यातली एक गाडी खरी निघाली तर दुसरीही खरी असेल असे धरू नये.

ओळखायला सुरुवात नाकापासून, म्हणजे रेडिएटरची जाळी आणि त्यावरचा बिल्ला यांपासून करू नये. बहुतेक लोक नेमके तेच करतात. नाक बदलता येते, बिल्ला काढता येतो आणि कधी दोन कंपन्यांची नाकेच इतकी सारखी असतात की बघणारा फसतो. ऑस्टिनच्या त्या काळच्या लॉरीचा चेहरा बेडफर्डशी इतका जुळत असे की तिला ‘बर्मिंगहॅम बेडफर्ड’ असे टोपणनाव पडले होते. त्यापेक्षा ज्या गोष्टी सहजी बदलत नाहीत त्यांच्याकडे आधी बघावे. पुढचे चाक केबिनच्या खाली आहे की केबिनच्या पुढे, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर किती, मागे एकेरी चाके आहेत की जोडचाके, आणि पुढच्या दोन चाकांच्या मधोमध अ‍ॅक्सलला फुगवटा आहे की नुसता सरळ दांडा. फुगवटा म्हणजे तिथे डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी) आहे, म्हणजे पुढची चाकेही इंजिनाच्या जोरावर फिरतात. ब्रिटिश आणि कॅनडियन लष्करी लॉऱ्यांना मागे बहुधा एकेरी, जाड टायर असत, तर अमेरिकेच्या जीएमसी अडीच टनी लॉरीला मागे जोडचाके. हे एवढे बघितले तरी धुळीतल्या, अस्पष्ट ताफ्यातली निम्मी वाहने वेगळी काढता येतात.

आता तुमचे पहिले चित्र. वाळूच्या रस्त्यावर समोरून येणारी, चपट्या तोंडाची, ताडपत्रीची लॉरी. ही बेडफर्ड क्यूएल. ल्यूटनच्या व्हॉक्सहॉल कारखान्याची तीन टनी, चारही चाकांना जोर असलेली ही लॉरी १९४१ पासून सैन्यात येऊ लागली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ५२,००० बांधल्या गेल्या. चालक जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसतो, बॉनेट असे नाहीच, आणि सहा सिलिंडरचे साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन केबिनच्या आत दोन माणसांच्या मध्ये बसवलेले असते. हिवाळ्यात ही सोय वाटते, लिबियात काय वाटत असेल याची कल्पना तुम्हीच करा. केबिनच्या छतात मदतनिसाच्या बाजूला एक झरोका असतो. तुमच्या चित्रात त्यातून एक सैनिक दुर्बीण घेऊन उभा आहे, हा या गाडीचा चांगला पुरावा आहे. क्यूएलचीच मागची बाजू बदलून सैनिक वाहून नेण्याची, बिनतारी संदेशयंत्रणेची आणि बोफोर्स विमानविरोधी तोफ ओढण्याची अशी निरनिराळी रूपे तयार झाली. त्यामुळे मागची पेटी वेगळी दिसली तरी केबिन तेच असेल तर गाडी तीच समजावी.

क्यूएलशी गल्लत होते ती दोन गाड्यांची. ऑस्टिन के५ हीसुद्धा चपट्या तोंडाची, तीन टनी आणि चारही चाकांची. तिच्या गिअरबॉक्सच्या किंचाळण्यामुळे चालक तिला ‘स्क्रीमर’ म्हणत. पण हा आवाज ऐकून ती चित्रपटात ओळखू असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. आवाज बहुधा नंतर जोडलेला असतो, आणि मी अनेकदा पडद्यावरच्या क्यूएलला कुठल्यातरी डिझेल बसचा आवाज निघताना ऐकले आहे. दुसरी गाडी फोर्डसन डब्ल्यूओटी६. हिचे नाक काचेखाली थोडे पुढे डोकावते, क्यूएलचे डोकावत नाही. बाजूने बघितले की शंका उरत नाही.

पहिल्याच चित्रात खाली बंपरवर क्रमांकाची पाटी आहे. तुम्ही ती मोठी करून पाहिली नसावी. काळ्या पाटीवर पांढरे दोन आकडे, मग दोन अक्षरे, मग पुन्हा दोन आकडे. अक्षरांतले पहिले ‘वाय’ आहे. १९४२ सालच्या ब्रिटिश लॉरीवर अशी पाटी असणे शक्य नाही. युद्धकाळात क्रमांक पांढऱ्या रंगाने गाडीवरच लिहीत, बॉनेटच्या बाजूंना किंवा चपट्या गाड्यांच्या दारांवर आणि मागे फाळक्यावर. क्रमांकाच्या सुरुवातीला एक अक्षर असे आणि ते वाहनाचा वर्ग सांगे. ‘एल’ म्हणजे ३० हंड्रेडवेट (एक हंड्रेडवेट म्हणजे सुमारे ५१ किलो) आणि त्याहून मोठी लॉरी, ‘झेड’ म्हणजे १५ हंड्रेडवेटसारखा लहान ट्रक, ‘एम’ म्हणजे मोटार, ‘ए’ म्हणजे रुग्णवाहिका, ‘सी’ म्हणजे मोटारसायकल, ‘एच’ म्हणजे तोफा ओढणारा ट्रॅक्टर, ‘टी’ म्हणजे रणगाडा किंवा कॅरियर, ‘एफ’ म्हणजे चाकांची चिलखती गाडी. युद्धानंतर १९४९ मध्ये ब्रिटिश सैन्याने सगळ्या वाहनांची नव्याने नोंद केली आणि दोन आकडे, दोन अक्षरे, दोन आकडे ही पद्धत आणली. आधीपासून सेवेत असलेल्या जुन्या गाड्यांना ‘वाय’ किंवा ‘झेड’ने सुरू होणारी अक्षरे मिळाली, नव्याने विकत घेतलेल्या गाड्यांना ‘बी’ने सुरू होणारी. म्हणजे तुमची क्यूएल युद्धात बांधलेली खरीच लॉरी आहे, पण कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा ती १९४९ नंतरच्या सैन्यातली होती. कलाविभागाने मडगार्डावर सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचे चिन्ह असलेला तो प्रसिद्ध वाळवंटी उंदीर रंगवला आणि बंपरवरची पाटी मात्र तशीच राहिली.

या अक्षरांच्या बाबतीत चित्रपटवाले फार निष्काळजी असतात. काही वर्षांपूर्वी माझी एक बेडफर्ड एमडब्ल्यू एका चित्रीकरणाला गेली होती. ही १५ हंड्रेडवेटची, म्हणजे सुमारे ७६० किलो भार नेणारी छोटी गाडी, तिला ‘झेड’ हवा. रंगाऱ्याने सकाळीच तिच्या बॉनेटवर सुबक अक्षरांत ‘एल’ काढून ठेवला होता. मी चूक दाखवली तेव्हा त्याने शांतपणे ‘आता वाळलाय’ एवढेच सांगितले. ती चूक आजही त्या चित्रपटात आहे आणि मी तो घरी कोणाबरोबर बघत नाही.

दुसऱ्या चित्रातले छोटे, उघडे, साखळीपट्ट्यांचे वाहन तुम्ही ‘ब्रेन कॅरियर’ (ब्रेन हे एका मशीनगनचे नाव) म्हणून ओळखले आहे. सैनिकही तसेच म्हणत, त्यामुळे तुम्हाला चूक म्हणणार नाही. काटेकोर बोलायचे तर ते युनिव्हर्सल कॅरियर आहे. खरे ब्रेन कॅरियर त्याच्या आधीचे, आणि त्याच्या मागच्या भागात एकाच बाजूला माणूस बसण्याची चिलखती पेटी असे. युनिव्हर्सलमध्ये दोन्ही बाजूंना पेट्या आल्या आणि मधोमध फोर्डचे व्ही८ इंजिन राहिले. सगळ्या देशांतले मिळून याची संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि जगात इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कुठलेही चिलखती वाहन बांधले गेलेले नाही. ओळखायचे ते जमिनीवरच्या चाकांवरून. प्रत्येक बाजूला तीन चाके असतात, पुढे दोन एका जोडीत आणि मागे एक सुटे, आणि पट्टा फिरवणारे दातेरी चाक मागच्या टोकाला. तुमच्या चित्रात पुढचे टायर नसलेले मोठे चाक, मग जोडी, मग सुटे, मग दातेरी चाक असा क्रम अगदी स्वच्छ दिसतो.

या वाहनाची एक गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. चालकासमोर मोटारीसारखे स्टीअरिंग चाक असते. ते थोडेच फिरवले तर पुढची चाकांची जोडी तिच्या आडव्या नळीसकट बाजूला सरकते, त्यामुळे लोखंडी पट्टा जमिनीवर धनुष्यासारखा किंचित वाकतो आणि वाहन त्या वळणाने हळूच वळते. आणखी फिरवले की मगच एका बाजूचा ब्रेक लागतो. माझ्या वर्कशॉपच्या अंगणात ओल्या मातीवर कॅरियर सावकाश वळवले तर त्याचा माग नुसता बाक असतो, उकरलेला नसतो. चित्रपटात रस्त्यावरून येणारे साखळीपट्ट्यांचे वाहन झटके न देता मोटारीसारखे वळताना दिसले, तर चाके मोजायच्या आधीच माझ्या मनात युनिव्हर्सल कॅरियर येते.

एका बाजूला चार चाके दिसली तर मात्र जपून राहावे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका छायाचित्रातले वाहन चार चाके मोजून ठामपणे ‘लॉइड कॅरियर’ म्हणून सांगितले आणि तोंडघशी पडलो. लॉइडला चार चाके असतात हे खरे, पण अमेरिकेत फोर्डने बांधलेल्या टी१६ कॅरियरलाही चारच असतात. फरक दातेरी चाकात आहे. लॉइडचे इंजिन मागे आणि दातेरी चाक पुढे, टी१६ चे दातेरी चाक मागे. मी चाके मोजली आणि टोके बघितली नाहीत.

तिसरे चित्र, ज्याच्या जोरावर मी १९५२ म्हणालो. दोन टेकड्यांमधून उतरणारी चार चाकांची बुटकी चिलखती गाडी, वर छोटासा बुरूज, आणि डाव्या अंगाला टांगलेली स्टेपनी. कथेत ती ब्रिटिश टेहळणी गाडी आहे, म्हणजे तिची भूमिका डेमलर डिंगोची आहे. पण ती स्वतः डेमलर फेरेट आहे, डिंगोची युद्धोत्तर वारसदार. फेरेटचे उत्पादन १९५२ मध्ये सुरू झाले आणि १९७१ पर्यंत चालले. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, दोन्हींचा बांधा तोच, दोन्हींना पुढे जाताना जितके गिअर तितकेच मागे जाताना, आणि म्हणून चित्रपटवाल्यांना ही अदलाबदल फार आवडते. ओळख मात्र सोपी आहे. डिंगोला बुरूज नसतो. ती जेमतेम दीड मीटर उंचीची असते आणि तिच्यात दोन माणसे छताच्या झाकणाखाली बसतात. शिवाय डिंगोला स्टेपनी नसतेच. तिचे टायर जवळजवळ भरीव रबराचे, गोळी लागली तरी चालत राहणारे होते, त्यामुळे जादा चाक बाळगण्याची गरज मानली गेली नाही. इतके कडक टायर असूनही प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग आणि सुमारे वीस सेंटिमीटर वरखाली हलण्याची मोकळीक असल्यामुळे ती आश्चर्य वाटेल इतकी मऊ चालते. बाजूला स्टेपनी दिसली की फेरेट समजावी. फक्त फेरेटचा बुरूज नसलेला पहिला प्रकार समोर आला तर घाई करू नये, त्यालाही डिंगोसारखाच बुरूज नसतो. तिथेही स्टेपनीच कामाला येते.

लँड रोव्हरचेही असेच. ती १९४८ च्या एप्रिलमध्ये लोकांसमोर आली, त्यामुळे युद्धपटात एखाद्या तंबूमागे तिचा चौकोनी मडगार्ड डोकावला तर तो चित्रीकरणाच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा असतो किंवा निर्मात्याची काटकसर.

चौथ्या चित्रातली जीप खरी आहे आणि याचा मलाही आनंद झाला, कारण जीपमध्ये फसवणूक सर्वांत जास्त. युद्धकालीन विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू यांच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, दिवे लहान आणि जाळीच्या आत बसवलेले असतात, आणि मागे फाळका नसून स्टेपनी आणि पेट्रोलचा डबा टांगलेला असतो. युद्ध संपताच आलेल्या नागरी सीजे-२ए जीपला सात फटी, मोठे आणि पुढे आलेले दिवे, मागे उघडणारा फाळका आणि बाजूला टांगलेली स्टेपनी. भारतात चित्रित झालेल्या युद्धदृश्यांत यापुढची पायरी दिसते. तिथे बहुधा महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी धावते, जिचे मूळ रूप अमेरिकेत १९५३ मध्ये आले. उंच बॉनेट म्हणजे युद्धानंतरची, हा नियम मला आजवर मोडलेला आढळला नाही. आणखी एक, अमेरिकी जीपचे स्टीअरिंग डावीकडे असते. तुमच्या चित्रातही तसेच आहे. ब्रिटिश सैन्य तीच तशीच वापरत असे, त्यामुळे याला चूक समजू नका.

तुम्ही जाता जाता रुग्णवाहिकेबद्दल विचारले आहे, ती या चित्रांत नाही. पण ब्रिटिश युद्धपटांत सर्वांत जास्त लक्षात राहणारी गाडी तीच असल्यामुळे दोन वाक्ये लिहितो. मोठी चौकोनी पेटी, पुढे ‘बर्मिंगहॅम बेडफर्ड’चे नाक आणि केबिनला दारांच्या जागी ताडपत्री, ही ऑस्टिन के२. युद्धात अशा तेरा हजारांहून अधिक बांधल्या गेल्या, आत चार स्ट्रेचर किंवा दहा बसलेले जखमी मावत. १९५८ च्या ‘आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स’मध्ये हीच गाडी ‘केटी’ नावाने जवळजवळ नायिका आहे. हँडल मारून तिला उलट्या गिअरमध्ये वाळूच्या टेकडीवर चढवतात ते दृश्य ज्याने बघितले आहे त्याला तिची ओळख वेगळी सांगावी लागत नाही. के२ ला फक्त मागच्या चाकांचा जोर होता, हे कळले की त्या टेकडीचा त्रास जास्त खरा वाटतो.

रणगाड्यांविषयी इथे विस्तार करत नाही, तो वेगळा विषय आहे. एवढेच सांगतो की तिथेही चाकेच मोजायची. व्हॅलेंटाइनला प्रत्येक बाजूला सहा चाके, त्यांतले पहिले आणि शेवटचे मोठे, मधली चार लहान. ही रचना प्रत्यक्ष बघायची असेल तर लंडनला यायची गरज नाही. अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात व्हॅलेंटाइन, मटिल्डा आणि चर्चिल हे तिन्ही ब्रिटिश रणगाडे शेजारी शेजारी फिरून पाहता येतात. खोट्या रणगाड्याची खूण वजनात असते. १९७७ च्या ‘अ ब्रिज टू फार’मध्ये काही शर्मन रणगाडे लँड रोव्हरच्या चेसिसवर बसवलेले प्लास्टिकचे साचे होते. तीस टनांचे धूड थांबताना पुढे झुकते आणि त्याचे पट्टे जमिनीत रुततात, साचा तसे काही करत नाही.

रंगावरून तुम्हाला फार काही मिळणार नाही, चित्रपट कृष्णधवल आहे. तरी चमक बघा. युद्धकाळात रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असे. युद्धानंतरच्या ब्रिटिश सैन्याने गाड्यांना चकचकीत गडद हिरवा रंग दिला, आणि तुमच्या फेरेटच्या उतरत्या पत्र्यावर आकाशाचा जो पांढरा पट्टा दिसतो तो त्याच रंगाचा आहे. युद्धातल्या लॉरीवर धुळीखालीसुद्धा असा पट्टा पडत नसे.

पाचव्या चित्राकडे मी मुद्दाम शेवटी आलो. ताफा मागून टिपलेला, वळणावर, धुळीत. सर्वांत जवळच्या लॉरीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर, डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढरा ठिपका दिसतो. त्याच्यावर एक झाकलेला छोटा दिवा असतो. रात्री इतर सगळे दिवे बंद ठेवून मागचा चालक पुढच्या लॉरीच्या पोटाखालच्या त्या उजळलेल्या पांढऱ्या गोळ्यामागे जात असे आणि वरून विमानाला काही दिसत नसे. ही पद्धत युद्धानंतरही चालू राहिली, म्हणून त्यावरून साल ठरत नाही. मात्र लॉरी नागरी नसून लष्करी आहे, एवढे नक्की. तुमचे आजोबा इटलीत कित्येक रात्री अशाच एका ठिपक्याकडे बघत पुढे गेले असतील.

आता त्याच चित्रात डावीकडून तिसरी लॉरी पाहा. ती वळणावर आडवी आली आहे, त्यामुळे केबिनची बाजू दिसते. आखूड, बसके नाक, मागे एकेरी चाके, आणि काचेची वरची कड खालच्या कडेपेक्षा पुढे आलेली. इतर लॉऱ्यांची काच वरून मागे झुकते किंवा सरळ उभी असते, हिची खालून आत गेली आहे. ही उलटी काच. कॅनडियन मिलिटरी पॅटर्न नावाच्या गाड्यांचे हे १३ क्रमांकाचे केबिन, १९४१ च्या अखेरीपासून युद्ध संपेपर्यंत बनलेले. काच अशी तिरपी बसवण्याचे कारण सूर्य होता. मागे झुकलेल्या काचेवरचा उन्हाचा झोत वर आकाशात जातो आणि विमानाला दुरून चमक दिसते. उलट्या काचेवरचा झोत जमिनीकडे जातो. कॅनडातल्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन कारखान्यांनी एकाच आराखड्यावर या लाखो गाड्या बांधल्या, सगळ्या उजव्या स्टीअरिंगच्या, कारण त्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठी होत्या, आणि भारतीय सैन्यातही त्या मोठ्या प्रमाणात आल्या. इतकेच नव्हे, याच फोर्ड चेसिसवर भारतात चिलखत चढवून चार हजारांहून अधिक चिलखती कॅरियर तयार झाले. पोलाद टाटांचे असल्यामुळे त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. आखूड नाकाच्या हट्टापायी या लॉऱ्यांचे इंजिन केबिनमध्ये घुसले होते, आणि चालकाच्या पायांना पेडलपाशी फारच थोडी जागा उरत असे. मी मध्यम उंचीचा आहे, तरी अशी लॉरी तासभर चालवली की माझा उजवा गुडघा रात्री बोलतो.

आजोबांच्या वाक्यावरून आणि त्यांच्या काळावरून त्यांची लॉरी हीच असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते, आणि तुमच्या चित्रपटात तिची एक बहीण पडद्याच्या कडेला तीन सेकंद का होईना उभी आहे. चाकांमधल्या अंतरावरून ती तीन टनी, लांब चेसिसची दिसते. फोर्डची असेल तर तिचे नाव एफ६०एल, शेव्हरोलेची असेल तर सी६०एल. ६० म्हणजे साठ हंड्रेडवेट, ‘एल’ म्हणजे लांब. एवढ्या अंतरावरून दोन्हींतली कोणती हे सांगता येत नाही. घरात आजोबांच्या कागदांत यांपैकी एखादे अक्षर-आकड्यांचे नाव कुठे लिहिलेले सापडते का ते पाहा. चित्रपटातही पुढे कुठे या लॉरीचे बॉनेट उघडलेले दिसले तर तेवढे दृश्य थांबवून पाठवा. सहा सिलिंडर एका ओळीत असतील तर ती शेव्हरोले, आणि चार-चारच्या दोन ओळी एकमेकींपासून तिरप्या फाकलेल्या असतील तर फोर्ड.